येरवड्याला पाठवा

पुण्यात कुणी जरा विचित्र वागलं की "याला येरवड्याला पाठवा" असं म्हणायची जुनी रीत आहे. मुंबईकडची मंडळी हेच "ठाण्याला पाठवा" असं म्हणतात. यातली गोम अशी, की येरवड्यात मनोरुग्णालय आहे आणि कारागृहही आहे. ठाण्यात दोन्ही आहेत. नागपुरात दोन्ही आहेत, रत्नागिरीतही दोन्ही आहेत. म्हणजे महाराष्ट्रातली जी चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं, त्या चारही गावांत तुरुंग. त्यामुळे "तो येरवड्याला असतो" हे वाक्य चोराबद्दलही खरं ठरतं आणि आजारी माणसाबद्दलही. कोणता अर्थ घ्यायचा, ते बोलणाऱ्याच्या सुरावरून ठरवायचं!

विनोद बाजूला ठेवू. गेले काही महिने या दोन इमारतींमधल्या रस्त्याबद्दल वाचत होतो. तुरुंगात आलेला माणूस मनाने आजारी आहे हे कुणाच्या लक्षात येतं, कधी येतं, आणि लक्षात आल्यावर त्याचं पुढे काय होतं? वाटलं होतं की हा नव्या काळातला प्रश्न असणार. निघाला चांगला अडीचशे वर्षांचा.

इंग्लंडमध्ये जॉन हॉवर्ड नावाचा एक खटपट्या गृहस्थ होता. १७७३ मध्ये तो बेडफर्डशायरचा शेरीफ झाला. पद मानाचं, काम नावापुरतं. पण याने आपल्या हाताखालचा तुरुंग स्वतः जाऊन पाहिला, आणि मग देशभरचे तुरुंग पाहत सुटला. १७७७ साली त्याचं तुरुंगांच्या अवस्थेवरचं पुस्तक आलं. त्यात त्याने लिहून ठेवलंय, की काही तुरुंगांत वेडसर माणसं बाकीच्यांतच कोंडलेली असतात, बघे त्यांची करमणूक म्हणून चेष्टा करतात, इतर कैद्यांना त्यांचा त्रास होतो, आणि औषधपाण्याने त्यातले काही बरे होऊ शकले असते तरी तिकडे कुणी पाहत नाही. हॉवर्ड डॉक्टर नव्हता. त्याने फक्त कोठडीत डोकावून विचारलं, "हा इथे का?"

अमेरिकेत हाच प्रश्न १८४१ मध्ये डोरोथिया डिक्स या शिक्षिकेने विचारला. बोस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात ती रविवारी बायकांना धर्मशिक्षण द्यायला गेली. मार्च महिना, तिकडची थंडी, आणि काही आजारी बायका शेगडीशिवायच्या कोठड्यांत. चौकशी केल्यावर तिला सांगण्यात आलं म्हणे, की वेड्यांना थंडी कळत नाही. पुढची दोन वर्षं ती मॅसॅच्युसेट्सभर वहीत नोंदी करत फिरली आणि १८४३ मध्ये तिने विधिमंडळापुढे निवेदन ठेवलं. म्हणजे तुरुंगातल्या आजारी माणसांची पहिली 'तपासणी' केली ती एका शेरीफने आणि एका मास्तरणीने. दोघांकडे यंत्र नव्हतं, प्रश्नावली नव्हती.

आता आपल्याकडे येऊ. १८५७ नंतर राज्यकारभार राणीच्या हाती गेला आणि १८५८ साली 'ल्युनसी'बद्दल एकापाठोपाठ तीन कायदे झाले. मग १९१२ चा इंडियन ल्युनसी ॲक्ट आला, तो थेट १९९३ पर्यंत चालला. (१९८७ चा नवा मानसिक आरोग्य कायदा मंजूर होऊनही लागू व्हायला १ एप्रिल १९९३ उजाडला. सरकारी गाडा!) १९१२ च्या कायद्यात पोलिसांना अधिकार होता, की रस्त्यावर भटकणारा, धोकादायक वाटणारा वेडा माणूस दिसला तर त्याला ताब्यात घेऊन मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. डॉक्टरचं प्रमाणपत्र येईपर्यंत त्याला काही दिवस 'योग्य ठिकाणी' ठेवायचं. कागदावर वाचताना यात वावगं काही वाटत नाही. पण तालुक्याच्या गावी योग्य ठिकाण कुठलं? कुलूप, पहारा आणि दोन वेळचं जेवण असलेली सरकारी इमारत एकच.

शिवाय ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे आणि जो आजारीही आहे, त्याच्यासाठी फौजदारी कायद्यात वेगळी वाट होती. इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली: गुन्हा करताना आपण काय करतोय हे आजारामुळे माणसाला कळतच नव्हतं, म्हणून तो दोषी नाही. भारतीय दंड संहितेतलं प्रसिद्ध कलम ८४ हे त्याबद्दल होतं. दुसरी: गुन्ह्याच्या वेळी कसाही असो, आज तो खटला समजण्याच्या, स्वतःचा बचाव करण्याच्या अवस्थेत नाही. मग खटला थांबवायचा, त्याला उपचाराला पाठवायचं, बरा झाला की खटला पुढे चालू. सिनेमात पहिली गोष्ट दिसते. माणसं अडकतात ती दुसरीत.

कशी अडकतात ते १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. हजारीबागच्या (तेव्हा बिहार, आता झारखंड) मोफत कायदेविषयक मदत समितीने न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. 'वीणा सेठी विरुद्ध बिहार राज्य' या नावाने तो निकाल ओळखला जातो. तिथल्या मध्यवर्ती तुरुंगात काही कैदी दोन-दोन, तीन-तीन दशकं पडून होते. कारण काय, तर कधीकाळी त्यांची नोंद 'वेडा' अशी झाली होती. त्यातले काही पुढे बरे झाले. बरे झाल्याची नोंदही झाली. पण ती नोंद पाहून कुणी "आता याला सोडा" किंवा निदान "आता याचा खटला चालवा" असं म्हटलं नाही. पुरेशी रुग्णालयं नाहीत म्हणून आजारी माणसांना तुरुंगात ठेवावं लागणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे, या अर्थाचं न्यायालय बोललं आणि सुटकेचे आदेश निघाले.

आसामातली गोष्ट तर याहून लांबली. मोरीगाव जिल्ह्यातल्या एका आदिवासी माणसाला १९५१ मध्ये गंभीर दुखापतीच्या आरोपावरून पकडलं. मनाने आजारी ठरवून तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. १९६७ मध्ये रुग्णालयाने कळवलं, की हा आता ठीक आहे. मनोरुग्णालयाने आपलं काम केलं होतं, म्हणजे त्याला बरं केलं होतं आणि तसं लिहूनही कळवलं होतं. पण ते पत्र एका फाइलीत गेलं आणि माणूस बंदिवासातच राहिला. मानवाधिकार कार्यकर्त्यांनी हे उजेडात आणलं, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने लक्ष घातलं, आणि २००५ च्या जुलैत त्याची सुटका झाली. किती रकमेच्या जातमुचलक्यावर माहीत आहे? एक रुपया. तोवर ५४ वर्षं गेली होती आणि खटला उभाच राहिला नव्हता.

हे दोन प्रसंग मी मुद्दाम आधी सांगितले. आज तुरुंगसुधारणेबद्दल कुणीही बोलायला लागलं, की पहिली सूचना असते "सगळ्या कैद्यांची मानसिक तपासणी करा". सूचना बरोबरच आहे. पण हजारीबागची आणि आसामातली माणसं तपासणीतून निसटलेली नव्हती. ती सापडली होती! त्यांच्या नावापुढे आजार लिहिला गेला आणि त्याच क्षणापासून त्यांच्या सुटकेचं दार जास्त घट्ट बंद झालं. साध्या चोराला निदान तारीख तरी मिळते. यांची तारीखच थांबली.

आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांचं काय? इथे एका मुंबईकर पत्रकाराचं नाव घ्यायलाच हवं. शीला बारसे. पोलीस कोठडीत बायकांना मारहाण होते, हे मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवलं होतं आणि त्यावरचा १९८३ चा निकाल आजही कोठडीतल्या स्त्रियांच्या संरक्षणासाठी दाखवला जातो. १९८९ मध्ये त्यांनी आणखी एक याचिका केली. पश्चिम बंगालच्या तुरुंगांत एक वर्ग होता, 'नॉन-क्रिमिनल ल्युनॅटिक', थोडक्यात 'एनसीएल'. मराठीत सांगायचं तर 'गुन्हा न केलेला वेडा'. शब्द पुन्हा वाचा. तुरुंगाच्या दफ्तरात, अधिकृतपणे, 'गुन्हा न केलेला' असा वर्ग! रस्त्यावर भटकताना सापडलेली, घरच्यांनी सोडून दिलेली, कधी घरच्यांनीच आणून घातलेली माणसं. न्यायालयाने आयुक्त नेमून तिथली परिस्थिती तपासून घेतली आणि १७ ऑगस्ट १९९३ रोजी निकाल दिला. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. मॅजिस्ट्रेटने अशा माणसाला तज्ज्ञाला दाखवावं आणि जवळच्या उपचाराच्या ठिकाणी पाठवावं.

म्हणजे स्वातंत्र्यानंतर ४६ वर्षांनी हे स्पष्ट सांगावं लागलं. असो.

आता नाण्याची दुसरी बाजू. तपासणी होते, पण सापडत नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला इंग्लंडमधल्या डरहॅमच्या तुरुंगात सापडलं. तिथे आलेल्या प्रत्येक कैद्याची पहिल्या दिवशी वैद्यकीय तपासणी व्हायची. नियमच होता. १९९६ मध्ये ल्यूक बर्मिंगहॅम, डेबी मेसन आणि डॉन ग्रुबिन या संशोधकांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास छापला. नव्याने आलेल्या ५६९ कच्च्या कैद्यांना (म्हणजे खटला बाकी असलेल्यांना) त्यांनी स्वतंत्रपणे, सावकाश बसून तपासलं. व्यसनं बाजूला ठेवूनही १४८ जणांना मानसिक आजार निघाला. तुरुंगाच्या नेहमीच्या तपासणीत त्यातले किती सापडले होते? ३४. भ्रम-भास होत असलेले, अगदी तीव्र अवस्थेतले २४ जण होते, त्यातले फक्त ६ सापडले होते. बाकीचे १८ फॉर्म भरून, सही होऊन बराकीत गेले.

असं का व्हावं? तुरुंगात आलेल्या माणसाचा पहिला दिवस डोळ्यांपुढे आणून बघा. कोर्टातून गाडी येते ती बहुधा संध्याकाळी. एकदम अनेक जण उतरतात. अंगझडती, कागदपत्रं, सामानाची यादी. मग एक जण रांगेतल्या प्रत्येकाला विचारतो, "काही आजार? काही मानसिक वगैरे?" शेजारी दुसरा कैदी उभा, पाठीमागे शिपाई. कोण हो म्हणेल? आपण ऑफिसच्या मेडिकलमध्ये तरी खरं सांगतो का? त्याला तर पुढचे कित्येक महिने याच लोकांत झोपायचंय.

ज्याला खरोखर भास होताहेत त्याला तर आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. ज्याची दारू किंवा गर्द आजच सुटलीय त्याची थरथर व्यसनाची की आणखी कशाची, ते पहिल्या संध्याकाळी कळतच नाही. आणि जो खचून गेलाय, जेवत नाही, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडतो, तो तुरुंगाच्या दृष्टीने आदर्श कैदी! तक्रार नाही, भांडण नाही. आरडाओरडा करणारा निदान डोळ्यात तरी भरतो, पण त्याच्या वाट्याला डॉक्टरआधी शिक्षा येते.

शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगात लिंडा टेप्लिन या संशोधिकेला थोडंफार हेच दिसलं होतं. तिच्या १९९० च्या अभ्यासात, गंभीर आजार असलेले बहुतेक कैदी तुरुंगाच्या नजरेतून निसटले होते. जे सापडले ते मुख्यतः असे, ज्यांच्या कागदावर आधीच्या उपचारांची नोंद होती. म्हणजे ज्याला आधी डॉक्टर मिळाला होता त्यालाच पुन्हा मिळणार. गरिबाला, ज्याने आयुष्यात मानसोपचारतज्ज्ञ पाहिला नाही, त्याला तुरुंगातही दिसणार नाही.

यातून हळूहळू सुधारणा झाल्या. टेक्सासच्या तुरुंगांबद्दलच्या रुइझ खटल्यात १९८० साली न्यायाधीशांनी मानसिक उपचारांच्या किमान अटींची यादी घातली, त्यात पद्धतशीर तपासणी ही पहिलीच अट होती. २००५ च्या सुमाराला अमेरिकेत आठ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली तयार झाली. सहा प्रश्न सध्या काय होतंय याबद्दल, दोन आधीच्या उपचारांबद्दल. साधा तुरुंग-कर्मचारीही ती थोडक्या प्रशिक्षणावर दोन-तीन मिनिटांत विचारू शकतो. 'तुला मानसिक आजार आहे का' असं न विचारता, अलीकडे तुला असं असं वाटतं का, असं विचारायचं. पहिल्या चाचणीत ती पुरुषांच्या बाबतीत बऱ्यापैकी चालली, बायकांच्या बाबतीत कमी पडली. ही चाळणीच आहे, निदान नव्हे. चाळणीत जे उरेल ते निवडायला पुढे माणूस लागतो.

आपल्याकडचा मोठा अभ्यास बंगळुरूचा. तिथल्या परप्पन अग्रहार तुरुंगात निम्हान्सच्या चमूने ५,०२४ कैद्यांना तपासलं आणि २०११ मध्ये अहवाल दिला. व्यसनं धरून जवळजवळ ८० टक्के लोकांत काही ना काही निदान निघालं. व्यसनं वगळली तरी २७.६ टक्के. म्हणजे चारात एकाहून जास्त. आता याच्या शेजारी सरकारी आकडा ठेवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या तुरुंग-आकडेवारीत देशभरच्या साडेपाच लाखांवर कैद्यांपैकी मनोरुग्ण म्हणून नोंदलेले साधारण नऊ हजार, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्याही आत. दोन्हींची मोजण्याची पद्धत वेगळी, हे मान्य. एक तुरुंग म्हणजे सगळा देश नव्हे, हेही मान्य. तरी पावणेदोन आणि सत्तावीस यांच्या मध्ये जी जागा आहे तिथे माणसं आहेत, आणि ती आत्ता या क्षणी कुठल्यातरी बराकीत भिंतीकडे तोंड करून पडली आहेत.

कायदा आता वाईट नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. तुरुंगांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक उपचारांचं प्राथमिक प्रशिक्षण द्यावं, आणि प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यात मानसिक उपचारांची सोय हवी, असं त्यात आहे. २००७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की मनोरुग्णालयात असलेल्या कच्च्या कैद्याचा अहवाल ठरावीक काळाने न्यायालयाकडे गेला पाहिजे. आसामातलं ते पत्र पुन्हा फाइलीत हरवू नये म्हणून केलेली ही तजवीज.

माझ्या नात्यातले एक ज्येष्ठ हे सगळं ऐकून म्हणाले, "अरे, गुन्हेगारांचे इतके लाड कशाला? बाहेरच्या साध्या माणसाला तरी मिळतो का मानसोपचारतज्ज्ञ?" प्रश्न रास्त आहे, आणि बाहेरही मिळत नाही हे खरंच आहे. पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपल्या तुरुंगांतले चारात तीन जण कच्चे कैदी आहेत, त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. आणि बाहेरच्या माणसाला डॉक्टर मिळाला नाही तरी आई आहे, शेजारी आहे, "काय रे, चार दिवस जेवला नाहीस" म्हणणारं कुणीतरी आहे. आतल्या माणसाच्या भोवतीची ही सगळी माणसं आपण, म्हणजे सरकारने, कायद्याने काढून घेतली आहेत. मग ते विचारायचं काम आपल्याकडेच येतं.

म्हणून मला वाटतं, की तपासणीचा हिशेब 'किती जणांना प्रश्न विचारले' असा ठेवून चालणार नाही. पहिल्या संध्याकाळनंतर आठवड्याने पुन्हा कुणी बोललं का? शिपायाच्या समोर नाही, जरा बाजूला घेऊन? चालू असलेली गोळी तारखेच्या दिवशी आणि दुसऱ्या तुरुंगात बदली झाल्यावरही मिळाली का? सुटताना हातात चिठ्ठी होती का? रुग्णालयाने "हा बरा आहे" असं लिहिलेलं पत्र न्यायाधीशापर्यंत पोचलं का, आणि त्याच्या वकिलाला ते माहीत होतं का? यातल्या एकाही प्रश्नाला मोठी इमारत किंवा परदेशी यंत्र लागत नाही. पण एकही उत्तर 'नाही' आलं, तर सापडलेल्या माणसाचं हजारीबाग व्हायला वेळ लागत नाही.

तेजपूरचं १९६७ चं ते पत्र बहुधा दोन-तीन ओळींचंच असेल. असली पत्रं तशीच असतात. त्याच्यावर कार्यवाही व्हायला ३८ वर्षं लागली.